पांढऱ्या पेशी यीस्ट गिळतात ते सूक्ष्मदर्शकाखाली कसे पाहावे

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. तिची भिंत बाहेरून मॅनन नावाच्या शर्करेने लिंपलेली असते आणि त्याखाली बीटा-ग्लुकान व कायटिनचे थर असतात. पांढऱ्या पेशीला बुरशी ‘दिसते’ ती या भिंतीमुळेच. डेक्टिन-१ हा ग्राहक (पेशीच्या पृष्ठभागावरचे ओळख पटवणारे प्रथिन) बीटा-ग्लुकान थेट पकडतो. सीआर-३ हा ग्राहक मुख्यतः सीरममधील, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील, पूरक प्रथिनांचा, म्हणजे कॉम्प्लिमेंटचा, भिंतीवर चिकटलेला तुकडा पकडतो. माणसाच्या न्यूट्रोफिलची, म्हणजे या प्रयोगात वापरायच्या पांढऱ्या पेशींची, भिस्त प्रामुख्याने सीआर-३वर असते. म्हणून या प्रयोगात रंगकाम किंवा भिंग यांपेक्षा यीस्ट कसे तयार केले आणि सीरम कसे राखले यावर निकाल जास्त ठरतो. प्रयोग फसला तर आधी तिथेच पाहावे.

रक्त स्वेच्छेने देणाऱ्याचे, त्याच्या लेखी संमतीने आणि प्रशिक्षित व्यक्तीने काढलेले असावे. ५ मिली पुरते. ते हेपारिनच्या नळीत घ्या, ईडीटीएच्या नको; दोन्ही रक्त गोठू देत नाहीत. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बांधून ठेवते आणि त्यांच्याशिवाय कॉम्प्लिमेंट चालत नाही. ही चूक फार होते, कारण रक्तगणनेसाठी ईडीटीएचीच नळी हाताशी असते. सीरमसाठी आणखी २ मिली रक्त साध्या नळीत गोठू द्या. सीरम लगेच वेगळे करून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

यीस्ट आदल्या दिवशी तयार केले तरी चालते. बेकरीचे कोरडे यीस्ट १०० मिलिग्रॅम घ्या, १० मिली सलाइनमध्ये कालवा आणि उकळत्या पाण्यात ३० मिनिटे ठेवा. उष्णतेने मॅननचे आवरण विस्कटते व खालचे बीटा-ग्लुकान उघडे पडते. जिवंत यीस्टवर ते बरेचसे झाकलेले असते, मुख्यतः कळी तुटल्याच्या वणापाशीच उघडे सापडते. त्यामुळे मारलेले यीस्ट पेशी जास्त उत्साहाने गिळतात, आणि मारलेल्या यीस्टवरचे आकडे जिवंत यीस्टला लावू नयेत. नंतर सलाइनने तीनदा धुवा. २६ गेजच्या सुईतून पाच-सहा वेळा ओढून-सोडून गुठळ्या फोडा. ही पायरी टाळली तर एका पेशीला दहा यीस्ट चिकटलेले आणि शेजारच्या दहा पेशी उपाशी, असे चित्र दिसते आणि मोजणीला अर्थ उरत नाही. शेवटी न्यूबॉर कक्षात (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचपट्टीवर) मोजून मिलीला ५ कोटी या प्रमाणात आणा.

आता न्यूट्रोफिल. ५ मिली रक्तात सलाइनमधले ३ टक्के डेक्स्ट्रान ५ मिली मिसळा, नळी दोन-तीनदा हळुवार उलटी-सुलटी करा आणि खोलीच्या तापमानाला उभी ठेवा. वीस ते तीस मिनिटांत लाल पेशी खाली बसतात. वरचा पिवळसर थर प्लास्टिकच्या पिपेटने काढा आणि गुरुत्वाच्या २५० पट वेगाने १० मिनिटे फिरवा. तळाशी अजून लाली असेलच. त्यावर ०.२ टक्के मिठाचे पाणी १० मिली घालून घड्याळ लावून ३० सेकंद हलवा आणि लगेच १.६ टक्के मिठाचे पाणी १० मिली घाला, म्हणजे मिश्रण पुन्हा ०.९ टक्क्यांवर येते. मिनिटभर उशीर झाला तर लाल पेशींबरोबर न्यूट्रोफिलही फुटतात, आणि फुटलेल्यांचा डीएनए बाहेर पडून नळीत चिकट तार धरतो. अशी तार दिसली की ती नळी टाकून द्या, ती सुधारत नाही.

पुन्हा फिरवून पेशी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या हँक्स द्रावणात (पेशी जिवंत ठेवणाऱ्या क्षार-द्रावणात) घ्या. कॅल्शियम-मॅग्नेशियम असले तर त्या एकमेकींना चिकटू लागतात. क्षारयुक्त, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेले, हँक्स द्रावण प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळीच वापरायचे. फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या ट्रायपॅन ब्लू रंगाने तपासल्यावर ९५ टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत हव्यात. प्रमाण मिलीला ५० लाख ठेवा. काचेची भांडी नकोत, न्यूट्रोफिल काचेला चिकटून जागृत होतात. वेगळे केल्यापासून चार तासांत काम उरका, कारण त्या अल्पायुषी असतात.

चार प्लास्टिक नळ्या लावा. प्रत्येकीत न्यूट्रोफिल २०० मायक्रोलिटर, यीस्ट १०० मायक्रोलिटर आणि क्षारयुक्त हँक्स द्रावण १५० मायक्रोलिटर. एका पेशीमागे पाच यीस्ट होतात. पहिलीत ताजे सीरम ५० मायक्रोलिटर. दुसरीत तेवढेच, पण ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले. तिसरीत सीरमऐवजी द्रावण. चौथीत ताजे सीरम, पण ही नळी सुरुवातीपासून बर्फात. पहिल्या तीन ३७ अंशांना ३० मिनिटे, मंद फिरवत ठेवा. न फिरवता ठेवल्या तर यीस्ट तळाशी बसतात आणि भेटच होत नाही. वेळ संपताच सगळ्या बर्फात.

एक थेंब काचपट्टीवर घ्या, ०.४ टक्के ट्रायपॅन ब्लूचा एक थेंब मिसळा, झाकणकाच ठेवा. मारलेल्या यीस्टमध्ये रंग शिरतो, पण जिवंत न्यूट्रोफिलच्या आत तो जात नाही. निळे यीस्ट म्हणजे बाहेर चिकटलेले, बिनरंगी म्हणजे गिळलेले. साध्या रंगवलेल्या स्मिअरमध्ये हा भेद कळत नाही, आणि नवख्यांची मोजणी तिथेच फुगते. मात्र पाच-दहा मिनिटांच्या आत पाहा, नंतर न्यूट्रोफिलच गळू लागतात. कायमची स्लाइड हवी असेल तर लीशमन रंगाने दोन मिनिटे, मग दुप्पट बफर, सामू ६.८, आणखी सात ते दहा मिनिटे. गिळलेल्या यीस्टभोवती बहुधा फिकट वलय दिसते.

शंभर न्यूट्रोफिल मोजा. शंभरपैकी किती जणींनी निदान एक यीस्ट गिळले ती टक्केवारी एक, आणि शंभर पेशींत मिळून किती यीस्ट आहेत तो आकडा दुसरा. दोन्ही लिहा. नुसत्या टक्केवारीत एक गिळणारी आणि सहा गिळणारी पेशी सारख्याच ठरतात.

पहिल्या नळीतला आकडा सर्वाधिक असायला हवा. दुसरीत तो घसरतो पण शून्य होत नाही, कारण तापवल्याने कॉम्प्लिमेंट जाते, प्रतिपिंडे टिकतात. तिसरीत जे गिळले गेले ते सीरमच्या मदतीविना, भिंत थेट ओळखून. चौथीत यीस्ट चिकटलेले दिसतात, आत गेलेले जवळपास नसतात: चिकटणे थंडीतही होते, गिळण्याला मात्र पेशीच्या आतला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा सांगाडा हलावा लागतो. चौथीत ‘गिळलेले’ खूप मोजले गेले तर तुमची आत-बाहेर ओळखण्याची पद्धत बिघडली आहे, पेशींचे काही चुकलेले नाही. पहिली आणि दुसरी सारखीच आली तर सीरमवर संशय घ्या. ते खोलीच्या तापमानाला तासन्‌तास पडून राहिले असेल.

गिळल्यानंतरचा हल्ला पाहायचा तर पहिल्यासारख्या वेगळ्या नळीत ०.१ टक्के नायट्रोब्लू टेट्राझोलियम (एक पिवळा रंग) नळीतल्या मिश्रणाइतकेच घाला आणि ३७ अंशांना १५ ते ३० मिनिटे ठेवा. न्यूट्रोफिलमधले ऑक्सिडेज विकर सुपरऑक्साइड तयार करते, ते या पिवळ्या रंगाला निळ्या-काळ्या फॉर्मझानमध्ये बदलते आणि यीस्टभोवती काळपट डाग जमतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात हे विकर निकामी असते. तिथे पेशी गिळतात, पण डाग पडत नाही, आणि अशा रुग्णांना अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो.

मारण्याची क्षमता मोजायला मात्र जिवंत यीस्ट लागते. तासभर ३७ अंशांना ठेवून २.५ टक्के सोडियम डिऑक्सिकोलेटने न्यूट्रोफिल फोडा आणि ०.०१ टक्के मिथिलीन ब्लू घाला. मेलेले यीस्ट निळे होते, जिवंत बिनरंगी राहते. डिऑक्सिकोलेटचे द्रावण अल्कधर्मी ठेवा, आम्लधर्मी झाले तर जेलीसारखे गोठते. न्यूट्रोफिल न घातलेली नळीही मोजा आणि तिच्यातली निळ्यांची टक्केवारी वजा करा. बेकरीच्या यीस्टऐवजी कँडिडा अल्बिकन्स ही रोगकारक बुरशी घेणाऱ्यांनी जैवसुरक्षा पातळी २ची सोय असल्याशिवाय हात घालू नये. शिवाय सीरममध्ये ३७ अंशांना दोन-तीन तासांत तिला अंकुरनळ्या फुटतात. तेवढी लांब बुरशी एका पेशीत मावत नाही, न्यूट्रोफिल तिच्यावर पसरतात किंवा बाहेर डीएनएची जाळी टाकतात, आणि गिळलेले यीस्ट मोजण्याची ही पद्धत तिथे लागू पडत नाही.

रक्ताचा स्पर्श झालेले सगळे, नळ्यांसह, टाकण्याआधी १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये ३० मिनिटे बुडवा.