ग्राफ उलटतो की ताणतो? तीन बिंदू हलवून बघा

अकरावीत फंक्शनचा ग्राफ उलटा करायला सांगितला की मुलं वर-खाली आणि डावं-उजवं यांत गोंधळतात. पूर्ण वक्र हलवत बसू नका, मूळ ग्राफवरचे तीन सोपे बिंदू हलवा.

वर्गमूळ एक्सचे बिंदू घ्या: (०, ०), (१, १), (४, २).

१. बदल मुळाच्या बाहेर असेल तर फक्त वाय बदला. बाहेर ३ असेल तर वायला ३ ने गुणा: (४, ६). उणे चिन्ह असेल तर (४, −२), ग्राफ एक्स-अक्षाखाली गेला.

२. बदल मुळाच्या आत, एक्सला चिकटून असेल तर फक्त एक्स बदला, तेही उलट. आत २ एक्स असेल तर एक्सला २ ने भागा: (२, २). ग्राफ ताणला न जाता दाबला जातो, आणि मुलं हमखास अडतात ती इथेच. आत उणे एक्स असेल तर (−४, २).

नवे बिंदू जोडा. पडताळ्यासाठी मूळ ग्राफ बटर पेपरवर गिरवून पेपर पलटा, आरशातली आकृती लगेच दिसते. ठाण्यात नौपाड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत हा कागद सुटा मागून बघा, अख्खा गठ्ठा कशाला? सरावाला एक्स वर्ग नको, तो डावी-उजवीकडे सारखाच असल्यामुळे पलटला तरी कळत नाही.

एक सांभाळा: आत २ एक्स − ६ असेल तर आधी २ सामाईक काढा, २(एक्स − ३). ग्राफ ३ पासून सुरू होतो, ६ पासून नाही.