औषधाला दाद न देणारे पीएफ (मलेरियाचे फॅल्सिपेरम परजीवी): रक्तनमुन्यांवरून वारंवारता काढताना

१०० रुग्णांपैकी ५० जणांत प्रतिरोधी (औषधाला दाद न देणारा) फॅल्सिपेरम सापडला, म्हणून निम्मे परजीवी प्रतिरोधी झाले असं होत नाही. एकाच रुग्णाच्या रक्तात दोन-तीन वाण एकत्र असू शकतात. संसर्ग जास्त तिथे मिश्रण जास्त, आणि प्रतिरोध वाढला नसतानाही असे रुग्ण वाढलेले दिसतात. नाशिकच्या पेठ आणि सुरगाणा तालुक्यांची तुलना करायची तर ती परजीवींच्या वारंवारतेची (सगळ्या परजीवींत प्रतिरोधींचा वाटा किती, याची) करा.

नमुना औषधाची पहिली गोळी देण्याआधीच घ्या. रुग्णाने आधी क्लोरोक्विन घेतलं असेल तर संवेदनशील (औषधाने मरणारे) वाण मरून प्रतिरोधीच उरतात आणि आकडा फुगतो. फिल्टर पेपरवर तीन ठिपके, प्रत्येकी साधारण ५० मायक्रोलिटर. नंबर पेन्सिलने घाला, शाई पसरते. श्रावणातल्या दमट हवेत कागद रात्रभर वाळू द्या, मग सिलिका जेलसह झिपच्या पिशवीत. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. पाड्याचं नाव लिहाच, शिवाय गेल्या महिनाभरात रुग्ण कुठे होता तेही. द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरी-निफाडला गेलेला किंवा गडचिरोलीहून परतलेला माणूस त्या पाड्याचा धरता येत नाही.

आपल्याकडे लॅबमध्ये 'मिक्स' म्हणजे पीव्ही (मलेरियाचाच दुसरा परजीवी, व्हायव्हॅक्स) आणि पीएफ दोन्ही. इथे मिश्र म्हणजे पीएफचेच संवेदनशील आणि प्रतिरोधी वाण. रजिस्टरमधला 'मिक्स' चुकून या रकान्यात गेला तर पुढचं सगळं गणित वाया.

पीएफसीआरटी ७६ (क्लोरोक्विन प्रतिरोधाशी जोडलेली परजीवीच्या जनुकातली जागा) तपासताना एपीओ-वन एन्झाइम संवेदनशील डीएनए कापतं, प्रतिरोधी कापत नाही. कापणी अर्धवट राहिली तर शुद्ध संवेदनशील नमुनाही जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) मिश्र दिसतो. म्हणून प्रत्येक जेलवर पडताळणीसाठी लॅबमधले दोन ओळखीचे वाण लावा: संवेदनशील ३डी७ (पूर्ण कापला जायला हवा) आणि प्रतिरोधी डीडी२ (अजिबात नको). ३डी७ मध्येच न कापलेला पट्टा दिसला तर ती अख्खी बॅच पुन्हा करा.

आता हिशेब. समजा (आकडे फक्त उदाहरणाचे) फक्त प्रतिरोधी २०, फक्त संवेदनशील ५०, मिश्र ३०. मिश्र टाकून दिले तर २०/७०, म्हणजे २८.६ टक्के, सगळे प्रतिरोधीत धरले तर ५० टक्के. दोन्ही चूक. एका रुग्णातल्या वाणांची संख्या पॉइसन वितरणाने (योगायोगाने घडणाऱ्या गोष्टींच्या मोजणीचा संख्याशास्त्रातला नमुना) बदलते असं मानलं तर कॅल्क्युलेटर पुरतो:

क = लॉग(१ + मिश्र/फक्त संवेदनशील) = लॉग १.६ = ०.२०४
ख = लॉग(१ + मिश्र/फक्त प्रतिरोधी) = लॉग २.५ = ०.३९८
वारंवारता = क/(क+ख) = ०.३३९, म्हणजे ३४ टक्के

लॉग कुठल्याही पायाचा चालतो, दोन्हीकडे एकच हवा. मिश्र शून्य असतील तर साधं गुणोत्तर घ्या. फक्त प्रतिरोधी किंवा फक्त संवेदनशील शून्य असतील तर सूत्र अडतं. अशा वेळी वाणांची सरासरी संख्या एमएसपी-२ सारख्या मार्करवरून (वाणागणिक वेगळ्या दिसणाऱ्या जनुकावरून) घ्यावी लागते.

एसपी (सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन) या औषधासाठी डीएचएफआर आणि डीएचपीएस ही जनुकं पाहताना हे सूत्र एकेका जागेलाच लावा. एकाच नमुन्यात दोन जागा मिश्र आल्या तर कुठला बदल कुठल्या वाणात बसलाय हे कळत नाही. त्याला ईएम पद्धतीचं (अंदाज फेरीगणिक सुधारत नेणारं) सॉफ्टवेअर लागतं.

एका पाड्यातले रुग्ण बहुधा एकाच वाणाचे असतात, तेव्हा अंदाज किती चुकू शकतो याची मर्यादा एकेका रुग्णावरून काढली तर ती खोटी अरुंद येते. पाड्यांच्या चिठ्ठ्या करा. काढलेली चिठ्ठी परत टाकत, जितके पाडे तितक्या चिठ्ठ्या उचला, वारंवारता काढा, असं संगणकावर १००० वेळा. उत्तरं चढत्या क्रमाने लावली की २५ वं आणि ९७५ वं या तुमच्या मर्यादा. ६० रुग्णांत एकही प्रतिरोधी नाही मिळाला, तरी अहवालात 'शून्य' लिहू नका. 'रुग्णांत ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो' असं लिहा (३ भागिले ६०).