गाइड नवा टाकला, सीट तशीच ठेवली

कोल्हापुरात आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून मी उद्यमनगरात इंजिनच्या हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाची, कामं करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. कॅमशाफ्ट, टॅपेट, पुशरॉड, रॉकर, व्हॉल्व्ह ही साखळी तुम्हाला ठाऊकच असणार: कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. मला एका हेडबद्दल सांगायचंय. चार वर्षं झाली, तरी आठवलं की अजून पोटात कालवतं.

गळीत हंगाम चालू होता. ऊस ओढणाऱ्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं हेड आलं होतं. गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून वरखाली होतो ती नळी, झिजून व्हॉल्व्ह डुगडुगत होते. मी सहाही गाइड नवे बसवले, रीमर मारून भोक मापाचं केलं आणि घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे बंद होताना तो जिथं टेकतो त्या कडेवर, घासायला बसलो. दोन तासांनी प्रत्येक व्हॉल्व्हवर राखाडी कडं आलं, कुठंही न तुटलेलं. मिस्त्री म्हणाले, "कडं गोल आलं न्हवं? मग बांध." मी बांधलं.

पंधराव्या दिवशी ट्रॅक्टर परत दारात. सकाळी स्टार्ट होईना, झालाच तर एक सिलिंडर मिस. हेड उतरवलं तर दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका कडेनं जळालेला. ऐन हंगामात मालकाचे चार दिवस बुडाले. तो माझ्यावर ओरडला नाही, नुसता दारात उभा राहिला. तेच मला जास्त लागलं.

चूक कुठं झाली ते नीट समजून घ्या. जुनी सीट जुन्या, झिजलेल्या गाइडच्या मध्यावर होती. गाइड बदलला की मध्य सरकतो, केसभर का होईना. आता व्हॉल्व्ह नव्या गाइडमधून सरळ येतो आणि सीटला एकाच बाजूनं टेकतो. घासताना आपण व्हॉल्व्ह फिरवतो, त्यामुळे त्याच्या तोंडाचा प्रत्येक भाग त्या टेकणाऱ्या बाजूवरून जातो आणि व्हॉल्व्हवर पूर्ण कडं उमटतं. ते कडं सीटबद्दल काहीच सांगत नाही! मी सीटकडे टॉर्च मारून पाहिलंच नव्हतं. नंतर पाहिलं, तर एका बाजूला पट्टा जवळजवळ 3 मिमी रुंद आणि समोरच्या बाजूला दोऱ्याएवढा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. जिथं टेकत नाही तिथं उष्णता अडते, वरून जळता गॅस त्याच फटीतून निसटतो. शिवाय 2000 आरपीएमला व्हॉल्व्ह मिनिटाला 1000 वेळा बंद होतो. तेवढ्या वेळा स्प्रिंग त्याला वाकड्या सीटवर ओढून बसवते, दांडा गाइडच्या तोंडाशी कडेला रेटला जातो. पंधरा दिवसांत माझा नवा गाइड वरून लंबगोल झाला होता.

म्हणून आधी गाइड, मग रीमर, मग गाइडमध्ये घट्ट बसणारा पायलट (कटरला मध्यावर धरणारी दांडी) घालून सीट कापायची, हा क्रम मोडू नका. घासायचं शेवटी, तेही अगदी थोडं. तपासताना व्हॉल्व्हला खूण उमटवणारा निळा रंग पातळ लावा, सरळ खाली दाबा, फिरवू नका, आणि सीटवर निळा सगळीकडे उमटला का ते बघा. मग स्प्रिंग लावून पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओता. व्हॉल्व्हच्या कडेनं थेंब आला तर बांधायचं नाही, मालक दारात थांबलेला असला तरी.

"पेस्टनं सगळं बसतं" म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असो, या बाबतीत त्याचं ऐकू नका. त्याच मिस्त्रींनी मला पुशरॉड काचेवर लोळवून वाक बघायला आणि स्प्रिंग गुण्याला लावून तिरकी आहे का ते ओळखायला शिकवलं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बाकीचं हाताला सवयीनं येतं. पुशरॉड ज्या घरातला त्याच घरात. रॉकर शाफ्ट आवळण्याआधी अ‍ॅडजस्टिंग स्क्रू सैल करा आणि प्रत्येक पुशरॉडचं खालचं टोक टॅपेटच्या वाटीत बसलंय याची बोटांनी खात्री करा. नाहीतर पहिल्याच आवळणीत तो वाकतो. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, खड्ड्यावरून आडवा जातो. तुम्ही बारा थाऊ (इंचाचे बारा हजारांश) लावता, खरी फट त्याहून जास्त राहते आणि टकटक जात नाही.

पहिल्या काही हेडना दोन-दोन दिवस लागले तर लागू द्या. त्या ट्रॅक्टरनंतर मलाही लागले, आणि त्यातलं एकही परत आलं नाही. बांधून झाल्यावर इंजिन आयडलला ठेवा, रॉकर कव्हर काढा आणि पुशरॉडांकडे बघत राहा. चपट्या बुडाचे टॅपेट असतील तर ते स्वतःभोवती हळूहळू फिरतात आणि त्यांच्याबरोबर पुशरॉडही. एखादा जागच्या जागी नुसता वरखाली होत असेल तर इंजिन बंद करा आणि तो टॅपेट बाहेर काढून त्याचं बूड बघा.