पोट सुटलंय, दम लागतो? आधी बुटाची लेस बांधून बघा

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरणाऱ्यांत कठड्यावर पाय ठेवून लेस बांधणारे हमखास दिसतात. मीही त्यातलाच. वाकलं की सुटलेलं पोट छातीखालच्या पडद्याला वर रेटतं, फुप्फुसाला खाली पसरायला जागा उरत नाही आणि श्वास कोंडतो.

श्रमाने लागणारा आणि बसलं की ओसरणारा दम म्हणजे आयुर्वेदातला क्षुद्रश्वास. श्वासाच्या 5 प्रकारांतला हा सर्वांत सौम्य. सुश्रुतांनी तो स्थूल माणसाच्या तक्रारींत सांगितला आहे. चरक पुढचं कोडं सोडवतात: मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यातच, म्हणजे पोटातच फिरतो, भुकेचा अग्नी फुलवत राहतो. म्हणून जाड माणसालाच वरचेवर भूक!

आधी माप घ्या. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. पुरुषांना 90, बायकांना 80 सेंटिमीटरच्या वर गेलं तर सावध. पँटचा नंबर सांगू नका. पट्टा आपण पोटाखाली बांधतो.

मग रात्रीचं ताट. वाग्भटांचा हिशेब सोपा: पोटाचे 4 भाग, 2 अन्नाला, 1 पाण्याला, 1 वायूला मोकळा. तुपात बुडवलेल्या बट्ट्या चापल्यावर तो चौथा भाग कुठून उरणार? बट्टी दुपारी, तीही एकच. कळण्याची भाकरी आपल्या जिवाभावाची, पण कळण्यात उडीद असतो आणि तो मेद वाढवतो. काही महिने साधी ज्वारीची खा. सोबत कुळीथ, मूग, पातळ ताक. मध घ्यायचा तर साध्या पाण्यात. गरम पाण्यात आयुर्वेदाला चालत नाही.

चालायचं अर्ध्या ताकदीने. कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबा. एप्रिल-मे महिन्यांत मात्र घामाची खूण कामाची नाही, बसल्या जागी निथळतो आपण. तेव्हा श्वासावरच लक्ष ठेवा आणि उन्हं तापायच्या आत घरी या. आयुर्वेद उन्हाळ्यात दुपारी झोपायची मुभा देतो, पण मेद वाढलेल्यांना नाही. कूलरसमोर लवंडायचा मोह इथेच नडतो.

बसल्या बसल्या दम लागत असेल, पाय सुजत असतील, छातीत दुखत असेल तर काढे करत बसू नका, डॉक्टर गाठा. दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि गच्चीवर झोपल्यावर तुमचं घोरणं मध्येच थांबून श्वास अडकतो का, हे शेजारच्या गादीवरच्या माणसाला विचारा. तो हो म्हणाला तर झोपेची तपासणी करून घ्या.