‘हा निकाल आज टिकतो का?’

लॉ झाल्यावरच्या नोकरीच्या माझ्या पहिल्याच मुलाखतीत चेक बाऊन्सचा प्रश्न आला. साताऱ्याच्या व्यापाऱ्याला नागपूरच्या शाखेवरचा चेक मिळाला, त्याने तो साताऱ्यातल्या आपल्या खात्यात भरला आणि चेक परत आला. तक्रार कुठे करायची? मी लगेच दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, २०१४, असं सांगून ‘नागपूरला’ म्हटलं, कारण चेक ज्या शाखेवरचा, तिथेच तक्रार, असं त्यात ठरलं होतं. समोरच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “हा निकाल आज टिकतो का?”

टिकत नव्हता. २०१५ च्या दुरुस्तीने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या, म्हणजे चेकसंबंधीच्या कायद्याच्या, कलम १४२ ला पोटकलम २ जोडलं. चेक खात्यात भरला असेल, तर ते खातं ज्या शाखेत आहे तिथलं न्यायालय. म्हणजे सातारा. निकाल सापडल्यावर मी शोध थांबवला होता, तिथे घात झाला.

म्हणून ‘रिसर्च कसा करता?’ या प्रश्नाला नुसतं ‘एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र’ अशी निकाल शोधायच्या साइट्सची नावं सांगू नका. ते सगळेच म्हणतात. इंटर्नशिपमध्ये खरंच शोधलेला एखादा मुद्दा घ्या आणि वाट सांगा: पक्षकाराची हकीकत काय होती, कलमाचा आजचा मजकूर काय, कोणता निकाल सापडला, आणि पुढे तो मोठ्या पीठाने किंवा दुरुस्तीने बदलला का. हेडनोट, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला दिलेला सारांश, वाचून निकाल सांगू नका. नेमका परिच्छेद वाचलेला हवा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

सध्या एक सापळा हमखास असतो. १ जुलै २०२४ पासून अटकपूर्व जामीन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३८ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली मागतात. जुन्या संहितेत मात्र ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, जे आता ५२८ मध्ये आहेत. नुसता ‘४८२’ टाकून शोधलंत, तर एफआयआर रद्द करण्याच्या जुन्या निकालांचा ढीग पुढ्यात येईल. कलमासोबत कायद्याचं नाव आणि विषय टाकून शोधता, हे आवर्जून सांगा.

सरावाला पैसे लागत नाहीत. ई-एससीआर आणि इंडियन कानून या निकाल मोफत वाचायच्या साइट्स पुरेशा आहेत. आणि सीव्हीत मूट कोर्ट (विद्यार्थ्यांची सराव-न्यायालय स्पर्धा) लिहिलं असेल, तर त्यासाठी केलेल्या मेमोरियलमधले, म्हणजे लेखी युक्तिवादातले, निकाल आदल्या दिवशी पुन्हा तपासा. दुसऱ्या मुलाखतीला मी तेच केलं, तेव्हा त्यातला एक बदललेला निघाला.