टू-स्ट्रोक गाडीचा कार्बोरेटर जुळवताना
विदर्भातील खेड्यांत आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्या आजही पांदणरस्त्याने शेतात जातात आणि त्या वाटांवरची काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमध्ये इतकी दाटते की, कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) बिघडला असे समजून स्क्रू फिरवण्याआधी फिल्टर साफ करणे हेच पहिले काम ठरते.

त्यानंतर गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन पुरते गरम करावे. एअर स्क्रू (कार्बोरेटरवरचा हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) हलक्या हाताने, टेकेपर्यंतच आत घ्यावा, कारण जोर दिल्यास त्याचे निमुळते टोक खराब होते. मग तो साधारण दीड फेरा बाहेर काढावा आणि तेथून पाव-पाव फेरा मागेपुढे करत, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून, इंजिनाचा आवाज सर्वांत चढा व एकसारखा कोठे लागतो ते ऐकावे. ते ठिकाण सापडले की आयडल स्क्रूने (उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूने) वेग खाली आणावा. एअर स्क्रू हवेचा असल्याने तो आत घेतला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते.

पूर्ण थ्रॉटलची (पूर्ण पिळलेल्या ॲक्सिलरेटरची) परीक्षा मात्र स्पार्क प्लगच देतो. बदामी तपकिरी रंग योग्य; काळा, ओलसर प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. पांढऱ्या प्लगकडे मुळीच दुर्लक्ष करू नये, कारण पेट्रोल कमी पडून पिस्टन जाम होण्याची ती पूर्वसूचना असते. अशा वेळी हवा कोठून गळत नाही याची खात्री करून मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणारा छिद्राचा भाग) एक नंबर मोठा घालावा. मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात बरोबर बसलेल्या जुळवणीला डिसेंबरच्या थंडीत, हवा दाट झाल्यामुळे, पेट्रोल कमी पडते, म्हणून दिवाळीनंतर प्लग पुन्हा काढून पाहावा.