खडकात आधीच पाणी भरलेलं असतं: कार्बन साठवणुकीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून (म्हणजे कार्बन कॅप्चर) जमिनीखाली खडकात साठवायचा, हे आमचं काम. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, कार्बन कॅप्चरची कुठली पद्धत शिकू? मी स्वतः केमिकल इंजिनिअरिंगमधून आले, माझाही पहिला प्रश्न हाच होता. आता मी त्यांना सांगते, पद्धत कुठलीही धरा, पण पहिल्या वर्षातच भूगर्भवाल्यांच्या शेजारी जाऊन बसा.

माझी सुरुवात अमाईन या रसायनावर चालणाऱ्या छोट्या प्रायोगिक प्लान्टवर झाली. चिमणीकडे निघालेला धूर थंड करून एका उंच टॉवरमध्ये खालून सोडायचा आणि वरून अमाईनचं द्रावण ओतायचं. द्रावण कार्बन डायऑक्साइड धरतं. मग दुसऱ्या टॉवरमध्ये ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की वायू सुटतो आणि द्रावण परत कामाला लागतं. यात नवं काही नाही, मूळ पेटंट १९३० सालचं आहे. खरा खर्च उष्णतेचा. एमईए (मोनोइथेनॉलअमाईन) या नेहमीच्या अमाईनच्या द्रावणातून एक टन वायू मोकळा करायला साडेतीन ते चार गिगाज्यूल लागतात. म्हणून कारखान्यात गेलात की रसायनाआधी वाफेची चौकशी करा: ती कुठून येते, कुठे वाया जाते.

रोज सकाळी द्रावणाचा नमुना काढायचं काम माझ्याकडे होतं. ताजं द्रावण जवळजवळ पाण्यासारखं दिसतं. काही आठवड्यांत ते मधासारखं होतं आणि लक्ष दिलं नाही तर काळ्या चहासारखं. धुरातला ऑक्सिजन आणि स्ट्रिपरची, म्हणजे त्या दुसऱ्या टॉवरची, उष्णता अमाईनची मोडतोड करतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती पाइपचं लोखंड खातात. मी बाटल्या तारखेनुसार खिडकीत ओळीने ठेवायचे. प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच त्या ओळीवरून काय चाललंय ते कळायचं. अशी कामं कनिष्ठांकडे येतात. ती मन लावून करा.

कारखाना निवडता येत असेल तर माझं मत सिमेंटच्या बाजूने. गॅसवरच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के, कोळशावर १२ ते १४, सिमेंटमध्ये बहुधा त्याहूनही जास्त. शिवाय सिमेंटच्या उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के भाग इंधनातून येत नाही, चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो. भट्टी कशावरही चालवा, तो निघणारच. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून वर्षाला ४ लाख टन पकडण्याच्या क्षमतेचा प्लान्ट सुरू झाला आहे. त्या कामाकडे मी फार आशेने पाहते.

आता खडकाकडे. माझ्या पहिल्या साठवणूक प्रकल्पात मला एका वालुकाश्माची क्षमता काढायला सांगितली होती. थराची जाडी, क्षेत्रफळ, सच्छिद्रता यांचा गुणाकार केला, खाली वायू किती दाट होईल ते धरलं, आकडा काढला. तो घेऊन मी आमच्या ज्येष्ठ भूवैज्ञानिक बाईंकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "आणि आतलं पाणी कुठे जाणार?"

मी ती छिद्रं रिकामी धरली होती. ती खाऱ्या पाण्याने काठोकाठ भरलेली असतात. आपण वायू ढकलतो तेव्हा ते पाणी सरकायला हवं. नाही सरकलं तर दाब चढतो, आणि दाब एका मर्यादेपुढे गेला की वरचा खडक फुटतो. म्हणजे थरात किती मावेल यापेक्षा किती वेगाने भरता येईल, हा प्रश्न आधी येतो. नॉर्वेच्याच स्नोव्हित प्रकल्पात हेच झालं. २००८ मध्ये इंजेक्शन, म्हणजे वायू खाली ढकलणं, सुरू झालं, दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला आणि २०११ मध्ये दुसऱ्या थराकडे वळावं लागलं. अल्जीरियातल्या इन सालाहमध्ये जमीन काही मिलिमीटर वर उचलली गेल्याचं उपग्रहांना दिसलं आणि वरच्या खडकाच्या काळजीपोटी २०११ मध्येच इंजेक्शन थांबवलं गेलं. दुसरीकडे उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या स्लाइप्नर प्रकल्पाचा उट्सिरा थर इतका विशाल आणि मोकळा, की १९९६ पासून बरीच वर्षं दरवर्षी १० लाख टनांच्या आसपास आत जाऊनही दाबाने त्रास दिला नाही.

त्याच बाईंनी मला कोअर हातात दिला. कोअर म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल. वालुकाश्माच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडला, तो बघता बघता आत जिरला. त्याच्या वरच्या थरातल्या शेलच्या, म्हणजे घट्ट चिखलाच्या खडकाच्या, तुकड्यावर सोडला, तो तसाच चमकत बसून राहिला. "हा साठा आणि हे झाकण," त्या म्हणाल्या. कॅपरॉक, म्हणजे हा झाकणाचा खडक, मला त्या दिवशी कळला.

आणखी एक आकडा पाठच करा: ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि ७४ बार दाब. याच्या पलीकडे कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो, पण वायूसारखा सहज वाहतो. साधारण ८०० मीटर खाली ही स्थिती आपोआप मिळते. जमिनीवर ५०० घनमीटरहून जास्त जागा अडवणारा एक टन तिथे दीड-दोन घनमीटरात बसतो. आइसलँडमधल्या कार्बफिक्सची वाट मात्र वेगळी. तिथे तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात आणि पथदर्शी प्रयोगात ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिज झाला. मात्र टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं.

अभ्यासासाठी सच्छिद्र माध्यमातला प्रवाह हा विषय नक्की घ्या. खडकातल्या प्रवाहाचं गणित करणारं एमआरएसटी हे मोफत सॉफ्टवेअर आणि स्लाइप्नरचा खुला डेटा घरबसल्या मिळतो. साइटवर छातीवरचा गॅस डिटेक्टर कधी काढू नका आणि खड्ड्यात, तळघरात एकट्याने उतरू नका. हा वायू हवेच्या दीडपट जड, वास नाही, खोलगट जागी साचतो. २०२० मध्ये अमेरिकेत सटार्शिया गावाजवळ पाइपलाइन फुटली तेव्हा ४५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

आणि नव्या माणसाला बहुतेकदा जुन्या विहिरींच्या फायली देतात. तेलासाठी खोदून सोडून दिलेल्या विहिरी, कॅपरॉक भेदून गेलेल्या. प्रत्येकीत सिमेंटची बुचं कुठल्या खोलीवर आहेत ते नोंदींमधून शोधायचं. मला तेवीस फायली मिळाल्या होत्या. बावीसमध्ये बुचांची खोली सापडली. एकीत शेवटचं पानच नव्हतं, आणि आम्ही इंजेक्शनची विहीर तिच्यापासून दूर नेली.